'समाधानकारक' हवा: हा शेरा आला कुठून

फेब्रुवारी-मार्चमध्ये चिपळूण-खेड पट्ट्यात पहाटे बाहेर पडलात तर वाशिष्ठी नदीवर जे पांढरं पसरलेलं दिसतं ते सगळं धुकं नसतं. त्यात रात्री विझत आलेल्या भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेताचा तुकडा भाजतात त्याचा, धूर असतो, हायवेची लाल धूळ असते, वारा त्या बाजूचा असेल तर लोट्याच्या रासायनिक कारखान्यांचा वासही असतो. आणि त्याच वेळी मोबाईलवर हवेचं ॲप उघडलं की हिरवट पट्टी आणि खाली शब्द, 'समाधानकारक'. आमच्या काकीला दमा आहे, तिला एकदा हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग माझ्या छातीला सांग तसं."

हा शब्द आला कुठून ते बघायला फार मागे जायची गरज नाही. मुंबईत गिरण्यांच्या धुरासाठी 1912 चा कायदा होता, पण तो धुराड्यांपुरता. देशभराचा हवेचा कायदा 1981 चा. पुढे 1994 ची मानकं आली आणि कोकणाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. तेव्हा बारीक कणांसोबत हवेतली सगळी तरंगती धूळही एकत्र मोजायचे आणि तिची 24 तासांची मर्यादा राहत्या वस्तीत दर घनमीटर हवेत 200 मायक्रोग्रॅम, तर औद्योगिक भागात 500 होती. म्हणजे एमआयडीसीच्या कुंपणाच्या आत अडीचपट धूळ चालेल. पण लोटे, आवाशी, घाणेखुंट इथे कुंपण संपतं तिथेच वाडी सुरू होते, वाऱ्याला हद्द कोण दाखवणार? हा भेद 2009 मध्ये गेला, कारखाना असो की घर, मर्यादा एकच झाली, आणि सगळ्या धुळीची मर्यादा जाऊन आणखी बारीक कणांची आली. पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, दिवसाला 60, वर्षाच्या सरासरीला 40. माझ्या मते कोकणासाठी सगळ्यात मोठा बदल हाच होता, पण त्याची बातमी कुणाच्या लक्षात नाही कारण त्यात रंग नव्हते.

रंग आले 2014-15 मध्ये. हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाची, म्हणजे एक्यूआयची, घोषणा ऑक्टोबर 2014 ला आणि रीतसर सुरुवात एप्रिल 2015 ला. शून्य ते 500, सहा पायऱ्या, आठ प्रदूषकं. यात आठ प्रदूषकांची मिळून सरासरी काढत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, प्रत्येक प्रदूषकाचे वेगळे मार्क काढतात आणि ज्या विषयात निकाल सगळ्यात वाईट तोच आकडा जाहीर होतो. ही पद्धत चांगलीच आहे. भानगड शेऱ्यांमध्ये आहे.

51 ते 100 ला नाव दिलं 'समाधानकारक'. आता आपल्याकडे हा शब्द कुठे भेटतो? प्रगतीपुस्तकात. नाहीतर पेशंटची प्रकृती समाधानकारक आहे, काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर सांगतात तिथे. म्हणजे मराठी माणूस हा शब्द वाचून निवांत होतो. पण त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात लिहिलंय की या पायरीवर नाजूक तब्येतीच्या लोकांना श्वासाचा थोडा त्रास होऊ शकतो. ते वाचतं कोण! त्याच्या पुढची पायरी, 101 ते 200, तिची गंमत अजून वेगळी. मूळ तक्त्यात तिचं नाव 'मध्यम प्रदूषित' अशा अर्थाचं होतं. रोजच्या बुलेटिनमध्ये येता येता त्यातला 'प्रदूषित' गळाला आणि नुसतं 'मध्यम' उरलं. आता मध्यम म्हणजे काय, ना बरं ना वाईट, चालतंय की. प्रत्यक्षात या पायरीवर दमा, फुप्फुस आणि हृदयाचे आजार असलेल्यांना त्रास होतो असं सरकारी तक्ताच म्हणतो.

आकड्यात बघू. पीएम 2.5 दिवसभराचं सरासरी 55 धरा. आपल्या पट्टीवर हे साधारण 92 होतं, समाधानकारक. अमेरिकेच्या पट्टीवर तीच हवा 150 च्या जवळ जाते आणि तिथला शेरा असतो, नाजूक तब्येतीच्या लोकांना अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 चं मार्गदर्शन तर दिवसाला 15 च्या पुढे जाऊ नका म्हणतं. म्हणून दोन ॲप दोन वेगळे आकडे दाखवतात तेव्हा त्यातलं एक खोटं असतंच असं नाही, पट्टी वेगळी असते. पट्टी आखणाऱ्यांची बाजूही आहे, उत्तरेकडच्या शहरांत हिवाळ्यात आकडा 400 पार जातो, तिथे बाहेरची पट्टी लावली तर वर्षभर लालच दिसेल आणि लोक बघायचं सोडून देतील. मुद्दा खरा आहे. पण दिल्लीची हवा समोर ठेवून बेतलेला शब्द गुहागरच्या माणसाने का वापरायचा, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

दुसरा गुंता 24 तासांच्या सरासरीचा. भाजावळ काय दिवसभर चालत नाही. कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पालापाचोळा, शेण पसरून तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची, जागा संध्याकाळी पेटवली, दोन तास अंगण धुराने भरलं, त्या दोन तासांत पीएम 2.5 समजा 300 झालं आणि उरलेले 22 तास 25 राहिलं, तर दिवसाची सरासरी येते 48. परत समाधानकारक! काकीला मात्र त्या दोन तासांतच दम्याचा पंप घ्यावा लागलेला असतो.

आणि वासाचं काय. 2009 च्या मानकांत बारा प्रदूषकं आहेत, निर्देशांकात आठच घेतली. बेंझीन, आर्सेनिक, निकेल आणि बेंझोपायरीन बाहेर राहिली, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाईड तर त्या बारातही नाही. त्यामुळे महाड, लोटे, रोहा भागातले लोक रात्री वास येतो म्हणून तक्रार करतात आणि आकडा चांगला दिसतो, तेव्हा दोघंही आपापल्या जागी खरे असू शकतात.

2019 मध्ये स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तो मानकं न पाळणाऱ्या शहरांसाठी. ठाणे-मुंबईकडची शहरं यादीत आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही नाही. आता हे हवा चांगली म्हणून की मोजणी कमी म्हणून, यावर भांडण होऊ शकतं. हाताने नमुने घेणारी केंद्रं आठवड्यातून दोनदा मोजतात, वर्षाला 104 दिवस. आणि जिथे यंत्रच नाही तिथे ॲपवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा उपग्रह आणि गणितावरून काढलेला अंदाज असतो, तुमच्या वाडीतली चिरेखाण त्याला दिसत नाही. मधल्या काळात मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण दहा वर्षांहून जास्त रेंगाळलं, जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेतला चिखल वाळून महिनाभर उडत होता, तुळशीची पानं दोन्ही बाजूंनी लाल.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, समुद्र. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. थंडीत रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो, गार हवा खाली बसते आणि धूर दरीत अडकतो. ऊन चढलं की हवा वर-खाली होऊन मोकळी होते, दुपारी खारे वारे सुटले की अजून साफ. त्यामुळे 'पहाटेची शुद्ध हवा' हे फेब्रुवारीत तरी डोक्यातून काढलेलं बरं. ॲपमध्ये शेरा न बघता पीएम 2.5 चा आकडा बघायचा, तोही त्या तासाचा. तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधून रस्त्याची जाडी धूळ थोडी अडते, धुराचे कण नाही, त्याला नीट बसणारा एन-95 लागतो. धूर असेल तेवढा वेळ दारं-खिडक्या लावायच्या, पण आत चूल पेटलेली असेल तर उलट उघडायच्या. 2016 नंतर गॅस घरोघरी आला खरा, तरी आंघोळीचं पाणी अजून बऱ्याच घरांत मागच्या पडवीत लाकडांवरच तापतं, आणि तो धूर कुठल्याच ॲपमध्ये येत नाही.

काकी आता सहाऐवजी साडेदहानंतर फिरायला जाते, पंप पिशवीत. आणि भाजावळीचे दिवस आले की शेजारच्या दादांना आदल्या दिवशीच विचारून ठेवते, उद्या कुठला तुकडा पेटवणार.