हँगरमधला दिवाणखाना की हँगरवालं घर?

पांढरीशुभ्र चकचकीत फरशी, मधोमध विमान, कडेला चामडी सोफे, वर पोटमाळ्यावर बार. अमेरिकेतल्या अशा खासगी हँगरचा, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचा, फोटो पाहिला की ‘काय घर आहे!’ असं सहज तोंडून निघतं. (आपल्याला हँगर म्हटलं की आधी कपाटातला आठवतो, ते सोडा.) पण याच थाटामागे दोन निराळ्या वास्तू असू शकतात: विमानतळावरच्या हँगरात सजवलेला दिवाणखाना, किंवा राहत्या घराला जोडलेलं हँगर. ओळखायचं असेल तर फोटोत पलंग शोधा.

पहिल्या प्रकारात जमीन बहुधा विमानतळाची, भाडेपट्ट्याने घेतलेली. त्या विमानतळाने केंद्र सरकारचं अनुदान घेतलं असेल तर हँगरात राहायला मनाई. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या) धोरणानुसार हँगर विमानासाठीच. इतर सामान ठेवा, पण त्याने विमानाची वाट अडता कामा नये. दोन उड्डाणांच्या मध्ये वैमानिकाला पाठ टेकायला खोली चालते. मालकाने तात्पुरता संसार थाटलेलाही चालत नाही. शिवाय बऱ्याच करारांत मुदत संपली की बांधकामही विमानतळाकडे जातं. अशा ठिकाणी भिंतीत संगमरवर जडवणं मला तरी उधळपट्टी वाटते. उचलून नेता येईल असं फर्निचर बरं. फरशीवरचा इपॉक्सीचा (कडक, चकचकीत रेझिनचा) थर मात्र नुसता दिखाऊ नसतो. तेल पुसायला सोपा, आणि प्रकाश परतवून विमानाचं पोट उजळवतो. आणखी एक गोष्ट फोटोत लक्षात येत नाही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. म्हणून अमेरिकी वीज-नियमांत हँगरच्या जमिनीपासून १८ इंचांपर्यंतचा पट्टा धोक्याचा मानतात. सोफ्याशेजारच्या दिव्याचा सॉकेट त्याच्या वर हवा.

दुसऱ्या प्रकारची घरं पाहायची तर फ्लोरिडात डेटोना बीचजवळची स्प्रूस क्रीक ही वसाहत. हजाराहून अधिक घरं, ४,००० फुटांची खासगी धावपट्टी, आणि विमान घराच्या दारापर्यंत. त्याच राज्यातल्या जंबोलेअर वसाहतीत हॉलिवूड अभिनेता जॉन ट्रॅव्होल्टाच्या घराला खेटून बोइंग ७०७ हे मोठं प्रवासी विमान उभं असायचं, पण ते अपवादाचं टोक.

इथे पलंग असतो, पण सजावटकाराची खरी परीक्षाही इथेच. अमेरिकेच्या अनेक भागांत लागू असलेल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या बांधकाम-नियमावलीप्रमाणे निवासी हँगर म्हणजे २,००० चौरस फुटांपेक्षा लहान आणि २० फुटांपेक्षा कमी उंच. घर आणि हँगर यांच्यामध्ये पायापासून छतापर्यंत, आगीला निदान तासभर दाद न देणारी भिंत. तिच्यातलं दार आपोआप मिटणारं, आणि दाराला चक्क उंबरठा: किमान ४ इंच उंच आणि न जळणारा. आपल्या वाड्यांत उंबरठा लक्ष्मीसाठी पूजतात, तिथे तो सांडलेलं इंधन घरात येऊ नये म्हणून घालतात. पायाला ठेच लागते म्हणून तो काढून टाकायची सोय नाही.

त्या भिंतीला दारांखेरीज भोक पाडता येत नाही आणि शेजघराचं दार थेट हँगरात उघडता येत नाही. त्यामुळे अंथरुणात लोळत आपलं विमान न्याहाळायची हौस साध्या काचेच्या भिंतीवर भागत नाही. काचही भिंतीच्याच तोडीची अग्निरोधक लागते.