लिनक्सवरील बुद्धिबळ सॉफ्टवेअर

लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर बुद्धिबळ खेळण्यासाठी व डावांचे विश्लेषण करण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर. यात बहुधा दोन प्रोग्राम जोडीने चालतात. एक पट दाखवतो, दुसरा चालींचा हिशेब करतो. या दुसऱ्याला ‘इंजिन’ म्हणतात.

‘जीएनयू चेस’ हे इंजिन स्टुअर्ट क्रॅक्राफ्ट यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतले आणि त्याला पट पुरवणारे ‘एक्सबोर्ड’ १९९१ मध्ये आले. २००० साली स्टेफान मायर-कालेन व रूडॉल्फ हूबर यांनी ‘यूसीआय’ हा संवादाचा नियमसंच मांडला, त्यामुळे तो पाळणारे कोणतेही इंजिन तो पाळणाऱ्या कोणत्याही पटाला जोडता येऊ लागले. हा संवाद साध्या मजकुराच्या ओळींत होतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, इंजिन सुरू करून रोमन लिपीत ‘uci’ एवढेच टंकले, की ते आपले नाव आणि पर्याय सांगून शेवटी ‘uciok’ असे उत्तर देते. शिकणाऱ्याने हे एकदा तरी स्वतः करून पाहावे. पट आणि इंजिन यांचे नाते त्यातून लगेच उमगते.

२००८ पासून विकसित होत असलेले ‘स्टॉकफिश’ हे जगातील सर्वांत बलवान इंजिनांपैकी एक असून ते विनामूल्य आहे. एकदा बसवले की त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून खानदेशात, विशेषतः सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्यासारख्या भागांत, जिथे नेटवर्कचा भरवसा नसतो तिथे, पेनड्राइव्हवरून नेलेले इंजिनही पूर्ण ताकदीने खेळते. मात्र उतरवून घेतलेल्या फाइलला आधी चालवण्याची परवानगी द्यावी लागते. शाळेतल्या जुन्या संगणकावर नव्या प्रोसेसरसाठी बांधलेली आवृत्ती सुरू होताच बंद पडते. अशा वेळी दोष लिनक्सला न देता जुन्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती घ्यावी.

स्टॉकफिश मुळात एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरवरील कामाच्या एकाच धाग्यावर, चालते आणि हॅशसाठी, म्हणजे आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवणाऱ्या तक्त्यासाठी, १६ एमबी स्मृती घेते. हे आकडे वाढवले की विश्लेषण खोल जाते, पण प्रोसेसरही तापतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना लॅपटॉपचे सगळे थ्रेड इंजिनाला दिले, तर पंखा घोंगावू लागतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे वाढवलेल्या थ्रेडचा फायदा बराचसा वाया जातो. तेथे दुपारी दोन थ्रेड ठेवून लांबचे विश्लेषण पहाटेसाठी राखणे शहाणपणाचे.

अंत्यडावासाठी ‘सिझिजी’ कोष्टके जोडता येतात. पटावर दोन्ही राजांसह पाचपर्यंत मोहरी उरली असतील, तर सुमारे १ जीबीच्या फाइलींवरून डाव जिंकलेला, हरलेला की बरोबरीचा हे निश्चित सांगता येते; सहा मोहऱ्यांसाठी मात्र सुमारे १५० जीबी जागा लागते.