होडोरचा माणूस

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही फॅन्टसी मालिका २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात होडोर या धिप्पाड नोकराचं काम करणारा क्रिस्टियन नेर्न नट म्हणून कुणालाच ठाऊक नव्हता. उत्तर आयर्लंडमधल्या लिसबर्नचा हा गडी बेलफास्टच्या क्रेमलिन क्लबात डीजे होता. उंची सहा फूट दहा इंच. काही वर्षांपूर्वी ‘हॉट फझ’ या चित्रपटातल्या एका धिप्पाड माणसाच्या भूमिकेसाठी त्याने चाचणी दिली होती. ती भूमिका गेली रोरी मॅककॅनकडे, जो पुढे याच मालिकेत ‘हाउंड’ नावाचा योद्धा झाला. ती चाचणी मात्र वाया गेली नाही, कारण होडोरसाठी माणूस शोधायची वेळ आली तेव्हा त्या वेळच्या एजंटाला नेर्न आठवला.

फॅन्टसी मालिकांना आडदांड माणसं लागतातच, आणि बहुतेकदा त्यांच्याकडून देहापलीकडे काही मागितलं जात नाही. याच मालिकेतला ग्रेगर क्लिगेन, म्हणजे ‘माउंटन’, पाहा. पहिल्या सीझनमध्ये कॉनन स्टीव्हन्स, दुसऱ्यात इयान व्हाइट आणि चौथ्यापासून आइसलँडचा हाफथोर ब्योर्नसन. तीन माणसं बदलली, तरी कथेचं काही अडलं नाही. होडोरच्या बाबतीत हे जमलं असतं असं मला वाटत नाही. त्याच्या तोंडी एकच शब्द, ‘होडोर’. होकार, भीती, लाड, कुरकुर, सगळं त्या एका शब्दात. संवाद नसलेल्या नटाला सोपं काम मिळालं असं आपण सहज म्हणून टाकतो, पण इथे लपायला वाक्यच नव्हतं. जे काही करायचं ते आवाजाच्या चढउताराने आणि डोळ्यांनी. शिवाय पाठीवर ब्रॅन, म्हणजे होडोर ज्याला वाहून नेतो तो पायांनी अधू मुलगा! ते काम करणारा आयझॅक हेम्पस्टेड राइट १९९९ चा, म्हणजे दर सीझनला वाढणारा मुलगा. पुढे ब्रॅनसाठी ओढायची घसरगाडी आली, त्यामागे नेर्नच्या पाठीचाही विचार असावा, अशी आपली माझी शंका.

पाचव्या सीझनमध्ये, २०१५ मध्ये, ब्रॅन आणि होडोर दोघंही नव्हते. दुय्यम नटाच्या वाट्याला अशी रिकामी वर्षं येतातच. पण नेर्नच्या हातात जुना धंदा होता. ‘रेव्ह ऑफ थ्रोन्स’ नावाने त्याचे डीजेचे दौरे २०१४ पासूनच सुरू झाले होते. मालिकेने दिलेलं नाव क्लबात चालत होतं, आणि क्लबातल्या कमाईमुळे मालिकेवाचून अडत नव्हतं.

मग आला २२ मे २०१६ चा भाग, ‘द डोअर’. ‘होल्ड द डोअर’ हे ओरडणं तुटत, झिजत ‘होडोर’ होतं, आणि या माणसाचं अख्खं आयुष्य एका दाराशी येऊन संपतं. नावामागचं हे रहस्य मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी निर्मात्यांना सांगितलं ते मालिका सुरू झाल्यानंतर. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत नेर्न जो शब्द हजार तऱ्हांनी उच्चारत होता, त्याचा अर्थ सेटवर कुणालाच माहीत नव्हता. तरीही मागे जाऊन ते भाग पाहिले तर त्याचा सूर कुठेच खोटा लागत नाही. (भाषांतरकारांची मात्र त्या रात्री झोप उडाली असणार. ‘दार धरून ठेव’मधून कितीही ओढाताण केली तरी ‘होडोर’ निघत नाही.) त्या प्रसंगात तरुण होडोर सॅम कोलमनने केला आणि शब्द तुटताना दिसतो तोही त्याच्याच तोंडी. नेर्नने फक्त दार धरलं.

मालिका २०१९ मध्ये संपली. नेर्न त्याआधीच मोकळा झाला होता. २०२२ मध्ये ‘अवर फ्लॅग मीन्स डेथ’ या विनोदी मालिकेत तो वी जॉन फीनी नावाचा समुद्री लुटारू झाला. देह तोच, पण या वेळी तोंडी पूर्ण वाक्यं होती.