आमचं दुकान: काय मिळतं, काय मिळत नाही आणि का

इस्राएलमधल्या दिमोना गावातल्या आमच्या दुकानाचा पुढचा भाग म्हणजे नेहमीची मकोलेत (किराणा दुकान) आणि मागचा भाग म्हणजे घरच्या पदार्थांचं काउंटर. पुढच्या भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधा पाव, अंडी, 3 टक्केवालं दूध यांचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे तिथे घासाघीस नको. पेयाच्या बाटलीवर 30 अगोरोत (इथले पैसे, शेकेलचे सुटे) अनामत लागते, रिकामी बाटली परत आणलीत की ती मिळते. उधारीची वही मात्र आम्ही बंद केली आहे. जुन्या गिऱ्हाइकांनी राग मानू नये.

हे पत्रक आहे ते मागच्या काउंटरसाठी. आमची बरीचशी गिऱ्हाइकं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबाग-पेणकडची, मुंबई-ठाण्याची, नाहीतर त्यांची इथेच जन्मलेली मुलंनातवंडं. पण हल्ली सदे बोकेरच्या वाळवंट संशोधन संस्थेत शिकायला आलेले मराठी विद्यार्थी येतात, वयस्कर मंडळींची काळजी घेणारे केअरगिव्हर येतात, आणि त्यांना काही गोष्टी कोड्यात टाकतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

पुरणपोळीवर तूप का नाही?

आमचं स्वयंपाकघर रब्बानूतच्या (ज्यू धर्मगुरूंच्या सरकारी मंडळाच्या) देखरेखीखाली कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे, आहे आणि तिथे मांस शिजतं. त्या नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून दूध, लोणी, तूप, पनीर तिथे येतच नाही. इथलं सगळं एकतर मांसाहारी, नाहीतर 'पार्वे', म्हणजे ज्यात दूधही नाही आणि मांसही नाही असं. पुरणपोळी तेलावर भाजतो, करंज्या तेलात तळतो, चिकनचा हिरवा रस्सा नारळाच्या दुधात होतो. ही काही इस्राएलात आल्यावर काढलेली पळवाट नव्हे. कोकणात आपल्या आज्या हेच करत होत्या. नारळ दाराशी आणि मटणाच्या जेवणात दही चालणार नाही, मग दुसरं काय घालणार? घरी नेल्यावर पोळीवर तूप घेणं हा तुमचा प्रश्न, पण मग त्याच जेवणात आमचा खिमा समोसा नको.

श्रीखंड, बासुंदी, पनीर मागू नका. चीज, लबने (घट्ट चक्का), दही हवं असेल तर पुढच्या फ्रिजमध्ये कंपनीचं बंद पाकिटातलं आहे.

मासळी फक्त खवले आणि पर असलेली. अमनोन (तिलापिया) आणि बूरी (बोय) बहुतेक वेळा असते. कोळंबी, जवळा, तिसऱ्या, खेकडे नाहीत, आणि 'गुपचूप मागवून द्या' असं कृपया म्हणू नका. तसं केलं तर आमचं प्रमाणपत्र जाईल. याच कारणासाठी घरचा डबा भरून मिळणार नाही. बाहेरचं भांडं आम्ही स्वयंपाकघरात घेऊ शकत नाही, कितीही लख्ख घासलेलं असलं तरी.

चिकाचा हलवा

रोश हशाना (ज्यू नववर्ष) जवळ आला की सगळ्यात जास्त विचारणा याचीच, आणि सगळ्यात जास्त रुसवेफुगवेही याच्यावरूनच. हा हलवा आयत्या वेळी का मिळत नाही, ते सांगतो.

गहू 3 दिवस भिजतो आणि रोज त्याचं पाणी बदलावं लागतं. नेगेवच्या सप्टेंबरात बाहेर ठेवला तर दुसऱ्याच दिवशी आंबूस वास मारतो, म्हणून आम्ही फ्रिजमध्ये भिजवतो. त्यात जागा अडते, आणि म्हणूनच संख्या मर्यादित. मग वाटून, कपड्यातून पिळून चीक काढायचा, रात्रभर खाली बसू द्यायचा, वरची निवळ हलक्या हाताने ओतून टाकायची. पातेल्यात नारळाचं घट्ट दूध, साखर आणि हा चीक एकत्र केला की ढवळणं सुरू होतं ते थांबत नाही. आधी बराच वेळ काहीच होत नाहीसं वाटतं. मग एकाएकी मिश्रण जड होतं, पळी ओढू लागते, नारळाचं तेल कडेने सुटतं आणि गोळा पातेल्याच्या बुडापासून सुटून पळीबरोबर फिरायला लागतो. तेव्हाच उतरवायचा. दोन मिनिटं आधी उतरवला तर वडी पडत नाही, उशीर झाला तर चिवट होतो. रंग गुलाबी, वेलची भरपूर, वर बदाम-पिस्त्याचे काप.

कॉर्नफ्लोअर आणि चायनाग्रासचाही हलवा आम्ही ठेवतो. तो स्वस्त आहे, लवकर होतो, मुलांना आवडतो. पण आमच्या मते तो वेगळाच पदार्थ. लेबलवर 'चिकाचा' असं लिहिलेलं असेल तरच गव्हाचा समजा. चिकाच्या हलव्याची ऑर्डर सणाच्या निदान 10 दिवस आधी द्या.

शुक्रवार

शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, विश्रांतीचा दिवस) जेवण हवं असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगा. शुक्रवारी आम्ही मेणबत्त्यांच्या वेळेच्या (शब्बाथ सुरू होताना त्या लावतात) दोन तास आधी शटर ओढतो. हिवाळ्यात ती वेळ दुपारीच येते, हे दरवर्षी कोणीतरी विसरतं. शनिवारी दुकान बंद.

नारळाच्या दुधाचा रस्सा रात्रभर प्लाटावर (शब्बाथला अन्न गरम ठेवायच्या विजेच्या तव्यावर) ठेवू नका, फाटतो. तो शुक्रवारी रात्रीच संपवा. शनिवारच्या दुपारसाठी सुकं न्या: कटलेट, सुकं चिकन, बटाट्याचे समोसे. शब्बाथला पुन्हा गरम करण्याबद्दल प्रत्येक घरची रीत वेगळी असते, ते आपापल्या रब्बींना विचारा, आम्हाला नको. किद्दुशसाठी (शब्बाथच्या जेवणाआधी वाइनवर म्हणायच्या आशीर्वादासाठी) मनुकांचा शरबत करणारी घरं अजून आहेत. भारतात कोशेर वाइन सहज मिळत नसे तेव्हापासूनची ती सवय. त्यांच्यासाठी काळ्या मनुका सुट्या ठेवतो.

बिरडं आणि मलिदा

तिशा बेआवच्या (जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या उपासाच्या) आसपास, म्हणजे आपल्या बिरड्याच्या सणाला, सोललेले वाल मिळतात. मोड आणून, कोमट पाण्यात टाकून, एकेक दाणा चिमटीत धरून सोललेले. सोलताना डाळिंबी उघडून किडीसाठीही बघून होते, हा कश्रूतच्या (कोशेर नियमांच्या) दृष्टीने फायदाच. भाव जास्त वाटला तर घरी अर्धा किलो वाल सोलून बघा, मग बोलू.

मलिदा लग्न, मेंदी, ब्रिट मिला (मुलाची सुंता), नवस, घरभरणी, कशासाठीही करून देतो. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा. वाटीभरच वाढतात, त्यामुळे 20-25 माणसांना 1 किलो पोहे पुरतात. फळं तुमची तुम्ही आणा. किती आणि कोणती ठेवायची यावर घराघरांत मतभेद असतात आणि त्यात आम्ही पडत नाही. एलियाहू हनाबीच्या (एलिया प्रेषिताच्या) नावाने करायचं असेल तर ऑर्डर देताना सांगा, ताट वेगळं लावून देऊ.

भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी

झुग म्हणजे येमेनी लोकांचा ठेचा समजा: हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि वर वेलची-जिरं. आंबा नावाचं पिवळं पातळ लोणचं इराकी ज्यूंचं, कैरी, मेथी आणि हळदीचं. तळलेली वांगी आणि उकडलेलं अंडं घालून पावात भरलेल्या साबिखवर ते हवंच. हुमुस (छोल्यांची चटणी) आम्ही रोज सकाळी करतो आणि संपला की संपला. काउंटरवरचं सगळं बिनदुधाचं आहे. मांसाच्या भांड्यांवर लाल चिठ्ठी असते.

पेसाख

पेसाखच्या सणात बिनखमिराच्या मात्झाखेरीज गव्हा-जवाचं काही (खमेत्स) चालत नाही, म्हणून सणाच्या आठवडाभर आधी मागचं काउंटर बंद होतं आणि सण उलटेपर्यंत उघडत नाही. गव्हाचा हलवा, समोसे, चपात्या काहीच नाही. पुढच्या ज्या फळ्या कागदाने झाकलेल्या दिसतील, त्यांतलं विकता येत नाही. तांदूळ मात्र मिळेल. आपण पेसाखला तांदूळ खातो, अश्कनाझी (युरोपकडचे ज्यू) शेजारी बहुधा खात नाहीत, म्हणून त्यांना न विचारता पुलाव पाठवू नका. तांदूळ घरी तीनदा निवडा. मसाल्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा निसटते: हिंग. डबीतल्या पुडीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे खमेत्सच. घरातली उघडी डबी सणाआधी बाजूला काढा. दुकानात त्या दिवसांत तांदळाच्या पिठाचा, पेसाखचा शिक्का असलेला हिंग आला तर गल्ल्याजवळ पाटी लावू. पाटी नसेल तर समजा, आला नाही.