मे महिन्यात बंदरावर कोण उरते?

मार्च संपला की किनाऱ्यावरच्या पक्षीनिरीक्षणाचा हंगामही संपला, असे बरेच जण धरून चालतात. दुर्बीण कपाटात जाते ती ऑक्टोबरलाच बाहेर येते. पण हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण यांपैकी कुठल्याही मासेमारी बंदरावर एप्रिल-मेमध्ये चार सकाळी काढल्या, तर हा समज टिकत नाही. संख्या घटते हे खरे. मात्र हिवाळाभर थव्यात एकसारखे करडे दिसणारे पक्षी याच दोन महिन्यांत एकमेकांपासून वेगळे ओळखू येऊ लागतात. कोण प्रौढ, कोण गेल्या वर्षीचे पिल्लू, कोण आठवडाभरात निघणार आणि कोण पावसाळाभर इथेच राहणार, हे पिसांकडे नीट पाहिले तर एकेका पक्ष्याबद्दल सांगता येते. हिवाळ्यात हे इतके सोपे नसते.

त्या चार सकाळी कोणत्या, हे पंचांगातून ठरवावे. कोकणात भरतीचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ठोकताळा अर्ध्यापाऊण तासाने चुकू शकतो आणि बंदरागणिक वेळ थोडी बदलते, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून पडताळून घ्यावी. दिवस निवडायला मात्र तिथी पुरते.

ओहोटीला चिखलावरचे पक्षी दूरवर विखुरलेले असतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागले की त्यांची जागा आक्रसत जाते आणि ते पाण्यापुढे सरकत काठाकडे येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास सर्वांत चांगले. द्वादशीला भरती नऊच्या सुमारास, त्रयोदशीला पावणेदहाच्या. म्हणजे साडेसहा-सातला जागेवर बसले की पाणी पक्ष्यांना आपल्याकडे आणून सोडते. उधाण जवळ आलेले असल्याने पाणी उंच चढते आणि सगळा थवा एखाद्या उंच वाळूच्या पट्ट्यावर किंवा खडकावर एकवटतो. शुद्ध आणि वद्य धरून महिन्यात अशा चार सकाळी मिळतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढते. तेव्हा पक्ष्यांना जवळ यायची गरजच पडत नाही आणि तासभर बसूनही हाती काही लागत नाही.

सकाळच धरायचे दुसरे कारण प्रकाश. पश्चिमेला तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पिसांचे खरे रंग दिसतात. संध्याकाळी तेच पक्षी काळ्या आकृत्या होतात. साडेनऊनंतर तापलेल्या वाळूवरची आणि काँक्रीटच्या धक्क्यावरची हवा थरथरू लागते. गरम आणि थंड हवेचे थर प्रकाशाला वेगवेगळे वाकवतात, त्यामुळे स्पॉटिंग स्कोपमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीत, पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो. अशा वेळी अनेक जण मोठेपणा ६० पटींपर्यंत नेतात. त्याने थरथरही तितकीच मोठी होते. २० ते २५ पटींवर यावे, थोडे उंच बसावे आणि नजरेची रेषा वाळूवरून न जाता पाण्यावरून जाईल अशी जागा घ्यावी. साध्या दुर्बिणीत ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बंदरासाठी उत्तम. दुपारचा खारा वारा सुटला की १०×४२ हातात स्थिर राहत नाही. परतल्यावर भिंगे कोरड्या फडक्याने पुसू नयेत. त्यांवर मिठाचे बारीक कण बसलेले असतात आणि ते भिंगावरचा लेप खरवडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेले मऊ फडके हलकेच फिरवावे, मग कोरडे.

सुरुवात चिखल्यांपासून, म्हणजे चिखलावर-वाळूवर धावत खाणाऱ्या प्लव्हर पक्ष्यांपासून, करावी. हिवाळ्यात कोकणच्या वाळूवर सगळीकडे दिसणारा छोटा चिखल्या वरून मातकट आणि खालून पांढरा असतो. एप्रिलमध्ये त्याच्या छातीवर विटकरी पट्टा चढतो आणि डोळ्यावरून काळा मुखवटा येतो. २०२३मध्ये पक्षीशास्त्रज्ञांनी या जातीची तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन जातींत विभागणी केली. आपल्याकडचे बहुतेक तिबेटी. तिबेट आणि लडाखच्या पठारावर ते घरटी करतात. बंदरातल्या होड्यांमागे फिरणारा तपकिरी डोक्याचा कुरव, ज्याला सगळे सरसकट सीगल म्हणतात, तोही लडाखमधल्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांवर वीण करतो. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंच. हर्णैच्या वाळूवरचे शेजारी अशा रीतीने उन्हाळ्यातही शेजारी असू शकतात.

बाक असलेल्या चोचीचा तुतवार, म्हणजे कर्ल्यू सँडपायपर, आर्क्टिकच्या काठावर सैबेरियात वीण करतो. एप्रिलअखेर तो डोक्यापासून पोटापर्यंत विटेसारखा लाल होतो. ग्रे प्लव्हरचे गाल, छाती आणि पोट काळे होते. इथे एक चूक हमखास होते. बंदरातल्या पाण्यावर डिझेल आणि ऑइलचा तवंग असतो, त्यामुळे पक्ष्यांची पोटे काळी माखतात. विणीच्या पिसाऱ्याची कड रेखीव असते आणि दोन्ही बाजू सारख्या असतात. तेलाचा डाग ओघळलेला, एका बाजूला जास्त, आणि त्या जागची पिसे एकमेकांना चिकटलेली. असा पक्षी सारखा चोचीने पोट साफ करत राहतो.

रंगाबरोबर पोटाचा आकारही पाहावा. निघायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत हे पक्षी अधाशासारखे खातात आणि कातडीखाली, विशेषतः शेपटीच्या बाजूला पोटात, चरबी साठवतात. बाजूने पाहिल्यास पायांच्या मागे पोट सरळ वर न जाता खाली लोंबल्यासारखे दिसते. पूर्ण रंगलेला आणि पोट सुटलेला चिखल्या दिसला, तर तो आता फार दिवसांचा पाहुणा नाही. प्रस्थान बहुधा संध्याकाळी होते. एखादा थवा अकारण ओरडू लागतो, उठतो, पुन्हा बसतो, आणि मग उंच चढत एका तिरक्या रांगेत दिसेनासा होतो. त्यासाठी सूर्यास्ताआधीचा तास राखून ठेवावा. प्रकाश वाईट असला तरी हे पाहायला रंगांची गरज पडत नाही.

मेचा दुसरा आठवडा उलटला की उरतात ते जवळजवळ सगळे करडे. हे पक्षी आजारी आहेत, वाट चुकले आहेत किंवा मागे राहिले आहेत, असे सर्रास म्हटले जाते. बहुतांशी ते तसे नसतात. ती गेल्या जून-जुलैत उत्तरेत जन्मलेली आणि पहिल्यांदा दक्षिणेकडे आलेली पिल्ले असतात. पहिल्या उन्हाळ्यात ती परतच जात नाहीत. व्हिम्ब्रेल (लांब, खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी), ग्रे प्लव्हर यांसारख्या मोठ्या जातींत काही पक्षी दुसरा उन्हाळाही इथेच काढतात.

का? पहिले कारण पिसांचे. प्रौढ पक्षी विणीनंतर इथे येऊन ऑगस्ट ते नोव्हेंबरात उड्डाणाची सगळी पिसे बदलतो. एप्रिलमध्ये ती पिसे पाच-सहा महिन्यांचीच असतात. पिल्लाच्या पंखात मात्र जन्मानंतर पहिल्यांदा वाढलेलीच पिसे असतात. घाईत वाढलेली, मुळात थोडी कमजोर, वर हजारो किलोमीटरचे उड्डाण आणि कोकणचे ऊन-वारा सोसलेली. दुसरे कारण खाण्याचे. वाळूत तोंड काढणारा किडा अचूक टिपायला वेळ लागतो, आणि प्रवासापुरती चरबी साठवण्याइतके कसब पहिल्या वर्षी अंगी आलेले नसते. तिसरे परजीवींचे. शंख-शिंपल्यांतून आणि खेकड्यांतून आतड्यात शिरणाऱ्या चपट्या कृमींना प्रतिकार करण्याची ताकद तरुण पक्ष्यांत कमी असते. या तिन्हींपुढे उत्तरेला जाण्याचा फायदा तोकडा पडतो, कारण पहिल्या वर्षीच्या पक्ष्याला जोडीदार आणि जागा मिळण्याची शक्यता तशीही फार नसते. म्हणून थांबणे हे त्यांचे अपयश नाही. जगण्याचा तो उत्क्रांतीत जुळून आलेला क्रम आहे, आणि त्यासाठी मे ते सप्टेंबर चिखलाचे पट्टे तितकेच लागतात. ‘पक्षी गेले आहेत’ म्हणून याच महिन्यांत खाडीच्या तोंडाशी भराव टाकणे निर्धोक ठरत नाही.

हे पिल्लू ओळखायची जागा म्हणजे मिटलेल्या पंखाचे टोक. ताजे पीस गडद आणि गोलसर टोकाचे असते. वर्षभर जुने पीस फिकट तपकिरी, टोकाला झिजून अणकुचीदार किंवा कातरलेले. मेअखेर आणि जूनमध्ये आणखी पक्की खूण मिळते. उडताना पंखाच्या मधोमध एखाद-दुसऱ्या पिसाएवढी खाच दिसते, म्हणजे उड्डाणाची पिसे बदलणे सुरू झाले आहे. त्या वेळी प्रौढ पक्षी उत्तरेत अंड्यांवर बसलेला असतो, म्हणून हा बहुधा गेल्या वर्षीचाच. अशा क्षणासाठी एका सेकंदात दहा फोटो काढणारा कॅमेरा दुर्बिणीपेक्षा जास्त कामाचा.

कुरवांचेही तेच. मेमध्ये धक्क्याच्या टोकावर उरलेल्या पाच-पंचवीस कुरवांच्या शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते, पंखांवर मळकट तपकिरी छटा असते आणि डोक्यावरची टोपी अर्धवट, ठिगळासारखी. ती वेगळी जात समजू नये. लहान कुरव दुसऱ्या वर्षी प्रौढासारखे दिसू लागतात, मोठ्या कुरवांना चार वर्षे लागतात. डोक्याच्या रंगाने फसायला होते, म्हणून जात ठरवायला पंख पाहावा. काळ्या टोकात पांढरे आरसे, म्हणजे ठळक पांढरे ठिपके, असतील तर तपकिरी डोक्याचा. पुढच्या कडेला लांब पांढरा पाचर असेल तर काळ्या डोक्याचा. तरुण पक्ष्यात हे आरसे नसतात किंवा फार लहान असतात, तेव्हा डोळा आणि चोच यांचीही नोंद घ्यावी. कुरवाच्या पंखांचे टोक काळेच का, याचे उत्तरही झिजण्यात आहे. मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य पिसाला कणखर करते. जुन्या पंखात पांढरे ठिपके आधी झिजतात, काळा भाग टिकतो.

मोजणीसाठी लिलावाची वेळ सोयीची वाटते, पण तीच सर्वांत फसवी. बोट लागली की कुरव, घारी, कावळे सगळे एकदम उठतात आणि एकच पक्षी तीनदा मोजला जातो. बोटी यायच्या अर्धा तास आधी, पक्षी बसलेले असताना मोजावे. बसलेल्या थव्यातले दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरावी आणि ती पुढे पुढे ठेवत जावे. धक्क्यावर पाट्या उचलणाऱ्यांच्या वाटेत तिपाई मांडू नये, दोरखंड ओलांडून जाऊ नये, आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर रबरी तळव्याचेच पादत्राण घालावे.

कायम मुक्कामाच्या मंडळींत या दिवसांत ब्राह्मणी घारीची पिल्ले गोंधळ घालतात. ती तपकिरी असतात, साध्या घारीसारखी. शेपटी पाहावी. साध्या घारीची दुभंगलेली, ब्राह्मणी घारीची गोल. समुद्री बगळ्याचे पांढरे रूप छोट्या बगळ्यासारखे दिसते आणि विणीच्या काळात चोचीचा व पायांचा रंग बदलतो, म्हणून इथे आकारावर भरवसा ठेवावा. समुद्री बगळ्याची चोच जाड आणि किंचित खाली वळलेली असते. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला तर त्याच्या घरट्याच्या झाडाखाली जाऊ नये, आणि जागा कुठेही जाहीर करू नये. कोकणात हे गरुड समुद्री साप मोठ्या प्रमाणात खातात. घरट्याखाली सापांचे मणके सापडतात.

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी पश्चिम किनाऱ्यावर लागते. यांत्रिक बोटी धक्क्याला लागतात, टाकाऊ मासळी बंद होते आणि उरलेले कुरवही पांगतात. त्याच सुमाराला नैऋत्येचा वारा खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्याकडे ढकलू लागतो. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकात वीण करून आपल्या उन्हाळ्यात अरबी समुद्रात आलेला असतो. चिमणीपेक्षा थोडाच मोठा, काळपट, कमरेला पांढरा पट्टा. ब्रायडल्ड सुरय (टर्न) वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर वीण करतो. त्याची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. त्याच्यासारख्या सूटी सुरयाचे पांढरे कपाळ डोळ्यापाशीच संपते. वादळी दिवशी धक्क्याच्या टोकावर उभे न राहता मागे, एखाद्या भिंतीच्या आडोशाला बसून समुद्र न्याहाळावा. लाट अंगावर येत नाही आणि दुर्बीणही हलत नाही.

वाऱ्याने थकलेला असा पक्षी वाळूवर सापडला तर लोक दयेपोटी त्याला पुन्हा समुद्रात सोडतात. तो बहुधा बुडतो, कारण अंगातली शक्ती संपलेली असते आणि पिसे भिजलेली असतात. त्याला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी जुने सुती फडके घालून, अंधारात व शांत ठेवावे. चोच उघडून पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. मासाही भरवू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पक्षी मेलेला असेल तर हातमोजे घालून एक पंख पूर्ण पसरावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि वरून व खालून फोटो घ्यावा. मग चोच, पायांचे पडदे आणि पायात कडे किंवा रंगीत पट्टी असेल तर तिच्यावरची अक्षरे आणि ती कोणत्या पायात आहे ते. पंखाच्या फोटोत टोकाची दहा पिसे सुटी दिसली पाहिजेत. पक्षी पहिल्या वर्षाचा होता की प्रौढ, ते बहुधा त्यांच्यावरून ठरवता येते.