साउंडप्रूफिंग की अकूस्टिक ट्रीटमेंट: गाणी ऐकायच्या खोलीला नक्की काय हवंय?

घरातल्या एका खोलीत चांगले स्पीकर आले की पुढचा खर्च भिंतींचा. दुकानात "साउंडप्रूफ करायचंय" असं सांगितलं की हातात पिरॅमिडच्या आकाराचा फोम पडतो. तो चारी भिंतींना चिकटवूनही शेजाऱ्यांची तक्रार तसूभर कमी होत नाही, कारण ते त्याचं कामच नाही.

आवाज अडवायला, म्हणजे साउंडप्रूफिंगला, वजन लागतं आणि एकही फट चालत नाही. खोलीतला आवाज शोषायला, म्हणजे अकूस्टिक ट्रीटमेंटला, मात्र हवा आत शिरू देणारी जाड, तंतुमय गादी लागते. हवा आरपार जाते तिथून आवाजही जातो, म्हणून एकटा शोषक अडवण्याच्या कामी कच्चाच. उलट काँक्रीटची भिंत आवाज उत्तम अडवते आणि जवळजवळ सगळा खोलीत परत फेकते.

पत्रकावरचे आकडे हा घोळ वाढवतात. एनआरसी हा शोषण्याचा आकडा. तो 0.90 म्हणजे पॅनेलवर पडलेल्या आवाजातला साधारण 90 टक्के शोषला जातो. भिंतीपलीकडे किती जातो, हे त्यातून कळत नाही. शिवाय ती 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ या चारच ठिकाणांची सरासरी असल्यामुळे बेसबद्दलही काही समजत नाही. अडवण्याचा आकडा एसटीसी. तोही 125 हर्ट्झच्या खाली पाहत नाही.

आता 12 बाय 10 फुटांची, साडेनऊ फूट उंचीची बेडरूम घ्या. विट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत प्लास्टर, सरकती खिडकी. लांबी, रुंदी आणि उंचीमुळे इथे अनुक्रमे 47, 56 आणि 59 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. दोन इंची फोम नीट काम करतो तो 500 हर्ट्झच्या वर. म्हणजे सगळीकडे फोम लावला तर झांजेची चमक आणि तंबोऱ्याचा झंकार मरतो, घुमणं मात्र जसंच्या तसं राहतं. खोली आधीपेक्षा वाईट वाजते, आणि वर हा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पटकन पेटतो, विषारी धूर करतो. अंड्यांच्या ट्रेंच्या नादी तर लागूच नये.

त्यापेक्षा घनमीटरला 48 किलो घनतेचा रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) घ्यावा. 50 मिमीच्या दोन स्लॅब एकावर एक ठेवून लाकडी चौकटीत बसवायच्या आणि पॅनेल भिंतीपासून 4 इंच पुढे टांगायचं. भिंतीला लागून हवेचे कण फारसे हलत नाहीत, पुढे जास्त हलतात. म्हणून ही मोकळी जागा फुकटात जाडी वाढवते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर ती दुहेरी उपयोगाची, तरी आधी ओल दुरुस्त करा. पॅनेलवर चढवायचं कापड तोंडाला लावून फुंकर मारा: हवा सहज गेली तर चालेल. रेक्झिन नको. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. तंतू अंगाला फार खाजतात.

जागा आरशाने ठरते. तुम्ही ऐकायच्या खुर्चीत बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला आरसा सरकवायला सांगा. जिथे स्पीकर दिसतो तिथे पॅनेल. दोन्ही बाजूंना, मागच्या भिंतीवर आणि छतावर मिळून सहा पॅनेलपासून सुरुवात पुरते. कोपरे जमिनीपासून छतापर्यंत, परवडेल तितके जाड भरावेत. एवढं करूनही 47 हर्ट्झ फारसा हलत नाही, कारण त्याची पाव तरंगलांबीच जवळपास सहा फूट आहे. तिथे खुर्ची हलवणंच कामाचं: खोलीच्या बरोबर मध्यावर हा बेस गायब होतो, मागच्या भिंतीला टेकून तो फुगतो. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसून पाहा.

तक्रार भिंतीपलीकडची असेल तर सुरुवात दारापासून. 7 बाय 3 फुटांच्या दाराखालची अर्धा इंच फट दाराच्या एक टक्क्याहूनही कमी भरते, पण तेवढ्यानेच कितीही जड दार साधारण 22 डेसिबलहून जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणून आधी चौकटीला रबर गॅस्केट, खाली ड्रॉप सील (दार लावलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी), मग भरीव दार. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधला ब्रश हवा थांबवत नाही. तिच्या आत 4 इंच अंतर सोडून, लॅमिनेटेड काचेची आणि गॅस्केट असलेली उघडझाप खिडकी बसवावी.

भिंतीचं काम सगळ्यात जास्त बिघडतं. 1 इंच पोकळी ठेवून जिप्सम बोर्डाचा एकच थर ठोकला की भिंत, हवा आणि बोर्ड मिळून 130 हर्ट्झजवळ डोलायला लागतात आणि तिथला बेस पूर्वीपेक्षा जास्त पलीकडे जातो. दोन थर आणि 3 इंच पोकळी ठेवली तर तो आकडा 53 हर्ट्झपर्यंत उतरतो. पोकळीत रॉकवूल सैलसर भरायचा, इथे तो फक्त पोकळीतला आवाज मारतो. अडवतात ते दोन थर, आणि तेही जुन्या भिंतीला कुठे टेकले नाहीत तरच. एक लांब स्क्रू पार भिंतीत गेला, तरी तिथून कंपन पलीकडे पोचतं. सबवूफरचं कंपन स्लॅबमधून खाली जात असेल, तर आधी त्याखाली रबर आयसोलेटर घालून पाहा. भाड्याच्या घरात एवढंच आणि दाराची गॅस्केट. विटांची दुसरी भिंत घालायचा बेत असेल, तर स्लॅबला तो भार झेपतो का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वीट आणू नका.