राणीच्या बागेतले जिओकॅशिंग : पार्श्वभूमी

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून, जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरची अचूकता दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनच्या रानात एका संगणक सल्लागाराने बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ती बादली अर्धवट पुरलेली होती. आपल्याकडची अडचण या पुरण्यापासूनच सुरू होते.

हा खेळ मराठीत समजावताना ‘गुप्तधन’ हा शब्द चटकन तोंडी येतो. तो वापरू नये. गुप्तधन म्हटले की पायाळू माणूस, अमावास्येची रात्र आणि पडक्या वाड्यात खणलेला खड्डा डोळ्यांपुढे येतो. त्यापायी मजल नरबळीपर्यंत गेलेली आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठी केलेली अमानुष कृत्ये गुन्हा ठरवली, ती उगाच नव्हे. ‘खजिना’ त्यापेक्षा सौम्य, पण नजर तरीही मातीकडेच जाते. खेळाच्या नियमांत तर खणायला मनाई आहे. साधा ‘डबा’ म्हणावे. डबा ऐसपैस खेळलेल्यांना जास्त सांगावे लागत नाही. अर्थात मुंबईत झुडपाआड ठेवलेला बंद डबा म्हणजे बेवारस वस्तू, आणि तसा संशय येणे रास्तच आहे.

कोकण किनाऱ्याच्या या टोकाला शिवडीची जुनी बाग दफनभूमीसाठी गेली आणि १८६२ साली भायखळ्याची, म्हणजेच राणीची बाग, उघडली. आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती इथे एका फेरीत भेटतात. डबा लपवणाऱ्याला जुन्या खोडाच्या ढोलीचा मोह पडतो. पण ढोलीत पिंगळे आणि पोपट राहतात. शिवाय दाट पानोऱ्याखाली उपग्रहाचे संदेश विखुरतात, यंत्र नेमकी जागा दाखवत नाही, आणि शोधणारे बुंध्याभोवती घिरट्या घालत मुळांवरची माती घट्ट तुडवतात. पन्नास वर्षांवरील झाडांना २०२१ पासून राज्याच्या कायद्यात वारसा वृक्षाचा दर्जा आहे. त्यांच्या बुंध्याशी डबा नकोच.

डब्याविना, जागेवरच्या प्रश्नाचे उत्तर शोधून खेळण्याचा आभासी प्रकार २००५ मध्ये या खेळाच्या मुख्य संकेतस्थळाने नव्या नोंदींसाठी बंद केला. कारणे काहीही असोत, जुन्या बागांसाठी हाच प्रकार योग्य होता. २०१७ पासून तो मोजक्याच लोकांना आखता येतो. आता फोनवरच प्रश्न सोडवत पुढे जायचे टप्पेही निघाले आहेत, त्यामुळे वाट मोकळी झाली आहे.

२०१६ साली पेंग्विन आले आणि गर्दी तिकडे वळली; झाडांपाशी थांबणारे थोडे. लोकांना झाडांपाशी थांबवायला पुढच्या जागेच्या अक्षांश-रेखांशांतले आकडे झाडांतूनच घ्यावेत. कृष्णवडाच्या पानाचा द्रोण ओळखायला लावावा, मग कैलासपतीच्या फुलाच्या पाकळ्या मोजायला. त्या सहा भरतात. तो सहा पुढच्या टप्प्याच्या रेखांशात घालायचा.